निदानरेषा

मंडळाच्या मैदानावर रेषा मी आखतो.
एकोणीस वर्षं. दोरी, खिळे, फक्कीची बादली.
दिवसा रेडीजशेठच्या रंगाच्या दुकानात,
संध्याकाळी ओणवा, उलट चालत.
मुलींसाठी मध्यरेषेपासून तीन मीटरवर
निदानरेषा येते.
चढाईला गेलेलीने निदान तेवढी तरी ओलांडायची,
नाहीतर बाद.

श्रुतिका घडशी ती झोपेतही ओलांडायची.
कोपऱ्यातल्या पोरीच्या घोट्याला बोट लावून
वळायची, आणि तिचा दम
माझ्या कानाशी मोहोळासारखा,
कबड्डी कबड्डी कबड्डी,
कुठे शिवण दिसायची नाही.

फाल्गुनात खोकला. जिल्ह्याच्या निवड चाचणीत
मधेच दम तुटला, पंचाची शिट्टी.
दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला,
म्हणाले, निदान झालंय.
हिला वाटलं रेषेचं बोलतायत.
ओलांडली होती मी, ती म्हणाली.

सहा महिने गोळ्या. वजन एकेचाळीस.
त्यातला चौथा महिना,
आणि वाशिष्ठी रात्री आत आली.
पंच नाही, शिट्टी नाही,
बाजारपेठ, पेठमाप, चिंचनाका,
ज्याला त्याला हात लावत,
दम न सोडता.

सात नंबरच्या बनियनमध्ये गोळ्यांची गाठ
डोक्याला बांधून ती पत्र्यावर बसली होती.
सकाळी पागोळीखाली ओंजळ धरली, गोळ्या घेतल्या.
"उपाशीपोटीच घ्यायच्या असतात काका,
तेवढं बरं जमलं."

पाणी उतरलं.
दुकानात डबे फुटून चिखल आकाशी झाला होता.
शेठ स्टुलावर बसून
ओल्या नोटा भिंतीला चिकटवत होते, एकेक,
कुणी मेल्यासारखे गप्प.
पालिकेने जंतुनाशक भुकटी दिली, ती मी गल्लीभर मारली,
सवयीने सरळ, दोरी नसताना.
मग सरकारी माणसं आली,
नकाशावर निळी रेषा, लाल रेषा ओढून गेली.
आमची भिंतीवरच होती. मातीची.
माझ्या डोक्यावर दोन हात.

आमच्या खेळात लोण बसला
की सगळेच्या सगळे गडी पुन्हा आत येतात.
नियम आहे. मी तो पोरांना शिकवलाय.
गावात तसं झालं नाही.
सलूनवाला जयवंत नाही आला,
मधल्या आळीतली दोन कुलपं अजून तशीच आहेत,
काहींनी खेर्डीच्या चढावर खोली घेतली
आणि येतो म्हणाले.
बाकीचे आले. शटर वाकडं, खाली वीट लावून,
उधारीची वही कोरी,
कोण किती देणं लागतो ते तोंडी,
आणि बहुतेकांनी खरं सांगितलं.

मार्गशीर्षात श्रुतिका आली.
शमीम घड्याळ धरून उभी.
नऊ सेकंद.
दुसऱ्या दिवशी आठ.
मग अकरा, मग दोन दिवस ताप.
मैदान अजून मऊ होतं, टाच रुतायची,
चिखलातून मधेच एखादं बटण, चमचा, कुणाची तरी बाहुली.

एका संध्याकाळी मी निदानरेषा
वीतभर अलीकडे आखली.
कुणाला काय कळणार.

ती मध्यरेषेवर उभी राहिली, बघितलं,
चढाईला गेलीच नाही.
पायाने ती अख्खी रेषा पुसली,
माझ्या हातातली बादली ओढून घेतली,
शमीमला टेप धरायला लावली,
तीन मीटर मोजले
आणि धापा टाकत स्वतः आखली.

वाकडी आली.
मी तशीच ठेवलीय.