किनाऱ्यावरचे खडे

फ्लीटवूडच्या गोदीत बोटी गंजत उभ्या राहिल्या
त्या हिवाळ्यात बाबाच्या हाताला काम नव्हतं,
आणि आई लँकेस्टरच्या इस्पितळात,
भिंतीकडे तोंड करून.
थकलेल्या पगारापोटी गोदामवाल्या हारग्रीव्हजनं
सहा खोकी दिली. पोचे आलेले डबे.
बेक्ड बीन्स, नुसते बेक्ड बीन्स,
एकशे चव्वेचाळीस.
बाबा म्हणाला, "चला, वर्षाची बेगमी झाली."
लोर्ना पाच वर्षांची. तिला ते खरंच वाटलं.

बाबाला स्वयंपाक येत नव्हता.
त्याला पदार्थांना नावं ठेवता यायची,
म्हणजे चांगल्या अर्थानं.

बटाटा कुस्करून त्याचं जहाज,
भोवती बीन्सचा लाल दर्या,
डोलकाठीशी सॉसेजचा एक तुकडा, तो कप्तान :
हे 'उत्तरेचं वादळ'.
कप्तान खायची पाळी एक दिवस माझी, एक दिवस तिची.

पाव मधोमध कोरायचा, पोकळीत बीन्स,
वर अंडं फोडून भट्टीत :
'कुरवाचं घरटं'.
कोरलेला मऊ पाव बाबा ओट्यापाशी उभ्यानंच खायचा.
म्हणायचा, मला हाच भाग आवडतो.

चमचाभर करी पावडर, मूठभर बेदाणे :
'सुएझच्या पलीकडे'.
तो कधी सुएझच्या अलीकडेही गेला नव्हता,
आइसलँडच्या थंडीत कॉड पकडण्यात त्याची उमर गेली होती.

आणि रविवारी 'किनाऱ्यावरचे खडे'.
रस आधी निथळून घ्यायचा,
मग बीन्स नळाखाली धुवायचे,
टॉवेलवर पसरून वाळवायचे, शर्टाच्या बटणांसारखे,
आणि कडकडीत चरबीत सोडायचे.
तडतड उडायचे. एकानं बाबाची भुवई जाळली.
वर मीठ, व्हिनेगर,
वर्तमानपत्राच्या पुडीत,
खायचे ते बंदराच्या भिंतीवर बसून, वारा तोंडावर घेत.
निथळलेल्या रसात दूध घातलं की सोमवारचं सूप,
त्याचं नाव 'मावळतीचं पाणी'.
एका डब्यात दोन दिवस
आणि वर एक सूर्यास्त.

फेब्रुवारीत मिसेस पिकर्सगिल आल्या,
कौन्सिलच्या. ओला रेनकोट, मांडीवर फाईल.
मुली इथं राहाव्यात की नाही, ते त्या फाईलमध्ये होतं.
मला विचारलं, "बाबा जेवायला काय देतात गं?"
मी एका दमात म्हटलं :
उत्तरेचं वादळ, कुरवाचं घरटं, सुएझच्या पलीकडे,
मावळतीचं पाणी, किनाऱ्यावरचे खडे.
त्या लिहीत गेल्या.
लोर्नानं तोंड उघडलं, "पण ते सगळं तर—"
मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

खिडकीत सात रिकामे डबे होते, ओळीनं,
कागद न काढलेले, सातांवर एकच चित्र,
आत बाबानं लावलेली पार्सली.
मिसेस पिकर्सगिल त्यांच्याकडे बघत राहिल्या
किटली शिट्टी मारेपर्यंत.
मग पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं,
आणि बाबाला विचारलं,
"हे खडे कसे करता?"

तासभर गप्प बसलेला माझा बाप
हात हलवून हलवून बोलायला लागला.

एकोणतीस वर्षांनी ती फाईल मला बघायला मिळाली.
लोर्ना आली नाही, म्हणाली, तूच वाच.
टाइप केलेला, पिवळा पडलेला एक कागद.
घर : थंड, पण स्वच्छ.
वडील : बेकार, मितभाषी.
आहार : वैविध्यपूर्ण.
आणि समासात, शिसपेन्सिलीनं, घाईघाईत,
सरकारी नसलेल्या अक्षरात :

*नीट वाळवणे. चरबी धुरावर आली पाहिजे.
झाकण हाताशी ठेवणे.*