दोन इंच हिरवी

फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात,
मुचंडीकरांची सून तीन आठवडे सांगत होती.
सासरे म्हणाले, नवी भिंत, ओल असतेच.
नवरा म्हणाला, चप्पल घालून उघडत जा.

मला बोलावलं होतं टीव्ही टांगायला.
अनगोळच्या शेवटच्या गल्लीच्याही पुढं,
जिथं परवापर्यंत भात उभं असायचं
आणि आता प्लॉटचे दगड उभे आहेत.
पुट्टीवर बोट फिरवलं तर अजून पांढरं लागत होतं.
मी ड्रिल पिशवीत भरत होतो,
तेव्हा ती हळूच म्हणाली,
"मामा, जरा हे बी बघतासा काय?"

टेस्टर फ्रिजच्या अंगाला लावला.
काचेच्या पोटात नारिंगी थेंब पेटला.

मेन पाडला. सॉकेट उघडलं.
लाल आहे. काळी आहे.
वरच्या जाड भोकाला हिरवीसुद्धा आहे,
स्क्रू घट्ट, तांबं चकचकीत.
स्क्रू सैल करून ओढली
तर आली की हातात.
दोन इंच.
मागं काही नाही. पायपात नुसता अंधार.
फोटोपुरती शेजारणीची मोहनमाळ
गळ्यात घालावी, तशी.

अकरा सॉकेट उघडले.
बावीस इंच हिरवी वायर
माझ्या एका तळहातावर मावली.
गीझरला दीड एमएम. त्याचं तर बोलूच नका.

"घराला अर्थ नाही," मी म्हणालो.
उद्यमबागेत तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस,
जिन्याचा कठडा धरून खाली बसला.
मग सावरून सांगावं लागलं,
तसं नव्हे हो, अर्थिंग.

आणि बोर्डाच्या मागं टेप दिसली,
डावीकडून गुंडाळलेली.
डाव्या हाताचा वायरमन मला एकच माहीत,
कारण तो मीच घडवला.

फोन लावला. पलीकडं ग्राइंडर चालू होता,
म्हणजे आणखी एक घर.
"शट्टू, हिरवी कुठं गेली?"
ग्राइंडर थांबला.
"रेटात बसत न्हाई म्हणाला कंत्राटदार."
मग थोड्या वेळानं,
"भिंतीत कोण बघतंय, मामा."

हे वाक्य माझं होतं.
खडेबाजारच्या एका लॉजवर, रात्री अकराला,
पायपाच्या मधोमध जोड मारताना बोललेलो.
सोळा वर्षांचा शट्टुप्पा बॅटरी धरून उभा होता.
मेगर कसा फिरवायचा, लोड कसा वाटायचा,
किती वर्षं शिकवलं.
पोरगं नेमकं ते जाता जाताचं घेऊन गेलं.

भिंत फोडावी लागणार म्हटल्यावर
सासरे पुट्टीकडं बघत राहिले, नवरा फोनकडं.
"फोडा," सून म्हणाली.

चार दिवस धूळ. मागच्या अंगणात आठ फूट खड्डा,
तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा.
फेज आणि अर्थमध्ये दिवा धरला
तर असा लखकन पेटला
की तिनं दोन्ही हातांनी फ्रिज धरून बघितला,
अनवाणी.

शट्टूनं घरांची नावं
हार्डवेअरच्या बिलामागं लिहून आणली.
सतरा.
काहींच्या पुढं पोरं किती तेही लिहिलं होतं,
मी विचारलं नव्हतं.

आज आयतवार. पहिलं घर.
दारावरची पाटी कानडीत, पायरीवर ताजी रांगोळी,
आतून कुकरच्या शिट्ट्या.
तोंडात वाक्य जुळवतोय,
अर्धं मराठी, अर्धं कानडी,
कुठल्याच भाषेत ते चांगलं होईना:
नमस्कार, तुमच्या भिंतीत आम्ही...

बेल दाबली. बेल मात्र झकास वाजली.
शट्टू दोन पायऱ्या खाली उभा आहे,
डाव्या खांद्यावर हिरव्याचं बंडल,
नव्वद मीटर,
सील अजून न फोडलेलं.