कंबरमोडी

उपकेंद्रात येणारी निम्मी माणसं
आधीच हिरवी होऊन येतात.
कोयत्याचं बोट, छिन्नीचा अंगठा,
खडीच्या कपचीनं उघडलेली नडगी,
आणि वर चोळामोळा केलेला पाला,
काळपट, रक्तात वाळून बसलेला.

मी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसते.
सात वर्षं पुसतेय.
रजिस्टरात तारीख, नाव, वय, गाव, टीटी दिलं की नाही.
पाल्याला रकाना नाही.

असता तरी नाव काय लिहिलं असतं?
धारूरच्या घाटाखाली कंबरमोडी,
घाट चढला की दगडीपाला,
माझ्या माहेरी, औशाकडं, एकदांडी:
एकच लांब दांडी, टोकाला बटणाएवढं पिवळं,
कडेनं दोन-चार दातऱ्या पांढऱ्या पाकळ्या.
कंबर कुणाची मोडली
ते कुणालाच ठाऊक नाही.

यल्लूबाई धोत्रे. वय ‘लिवा पन्नास’.
खदानीवर खडी फोडते.
तिनं एकदा माझ्या टेबलावरच करून दाखवलं:
पाच-सहा पानं, तळहात, अंगठा.
पाणी नाही, थुंकी तर नाहीच.
रस सुटेस्तोवर.
‘झोंबतंय. झोंबलं म्हंजी लागू पडलं.’
आणि खोल असलं तर?
‘खोल असलं तर तुमच्याकडं येतोच की, बाई.
हाडाला पाल्याचं ऐकू येत न्हाई.’

मार्चात साहेब तपासणीला येणार म्हणून
लिंबाजीनं टाकीमागचं सगळं उपटलं.
मी सांगितलं नव्हतं.
थांबवलंही नाही.

त्याच दुपारी अँप्युल फोडताना
काच माझ्या बोटात गेली.
कापूस हाताशी होता, कापूसच लावला.
पण नजर आधी खिडकीतून
टाकीमागं जाऊन आली.
तिथं ओली माती, खुरप्याचे वळ.

अजून पुसतेच.
फक्त पुसण्याआधी एक विचारते हल्ली:
पाला कुठला? बांधावरचा?
बांधांवर आता तणनाशक मारतात,
भर श्रावणात कडा करपलेल्या दिसतात.

परवा यल्लूबाई नातवाला घेऊन आली,
गुडघा फुटलेला, गुडघा हिरवा.
विचारलं.
तंबाखू गालात सरकवून
ती माझ्याकडं बघत राहिली, पोरगं विव्हळत होतं तरी,
जणू मीच काही खुळ्यागत बोलले:
‘खदानीतला हाय.
दगडाला कोण फवारतंय?’