कोड नव्व्याण्णव

सांवेर रोडच्या पलीकडे, सहा नंबरच्या ब्लॉकात,
चौथा मजला. लिफ्टच्या जागी
दार नसलेला उभा अंधार,
तळाशी कुणाची तरी जुनी गादी.
आजचं हे अकरावं घर.

हुर्मतबी पिंजारी. वय विचारलं तर
"नदी चढी थी, उसके अगले साल की."
मी अंदाजे बावन्न लिहिते.

छप्पर पक्कं? पक्कं.
संडास घरात? घरात.
पाणी? येतं. दुसऱ्या मजल्यापर्यंत.
हो आणि नाही यांच्या मधे
फॉर्मवर चौकोन नाही.

नदीकाठी होते तेव्हा नवरा दारातच कापूस पिंजायचा.
ती लांबलचक कमान आता न्हाणीघरात तिरपी उभी,
खोलीत मावत नाही म्हणून.
आंघोळीला कोपर लागलं की बोलते, म्हणाली,
आणि बोटाने तात छेडून दाखवली.
जाड, खोल आवाज
फरशांवर आपटून परत आला.
उत्पन्नाचं साधन : सध्या नाही.

सासूला जिना जमत नाही,
पण रेशनच्या यंत्रावर अंगठा तिचाच चालतो.
महिन्यातून एकदा खुर्चीला बांधून उतरवतात,
दोन नातू पुढे, एक मागे, वरातीसारखे.
हसते म्हातारी. तेवढीच हवा लागते.

मग प्रश्न सतरा.
इथे येण्याआधी भाड्याने घर शोधलं होतं? किती ठिकाणी?
ती आकडा सांगत नाही, फाटकं सांगते.
एक निळं. एकाला कुत्रा.
एक नारायण बागेकडचं, मागच्या गल्लीत,
फाटकाशी कढीपत्ता, वरची खोली.
काकांनी तांब्याभर पाणी दिलं,
पंखा लावून दाखवला,
मग नाव विचारलं.
"अभी-अभी उठ गई, बोले.
भले आदमी थे. पानी ठंडा था."

कढीपत्ता इंदुरात पुष्कळांकडे असतो.
वरच्या खोल्याही.
आमच्याकडची 'भाड्याने देणे आहे' ही पाटी
बाबांनी स्वतः रंगवली, मराठीत आणि हिंदीत,
दोन पावसाळे झाले, गंजतेय.

नकाराचं कारण : भाडं, अनामत, जागा अपुरी, इतर.
इतरपुढे बोटभर ओळ.
तांब्या पितळेचा होता का, काठाला चेपलेला?
हे फॉर्मवर नाही. मी विचारलं नाही.
नव्व्याण्णव लिहिलं : माहीत नाही.
हा कोड खरं तर
उत्तर देणाऱ्यासाठी असतो.

घरी पोचले, फांदी सारून फाटक उघडलं.
बाबा वरचा पंखा बंद करून जिना उतरत होते.
कुणी येऊन गेलं?
"आले होते."
जमलं?
"बघू. दमलीस तू. पाणी देऊ?"

मीच घेतलं.
थंडच होतं.