अर्धा लिटर, सोनटक्के

डेंग्यू होता तोवर दूध पुरत नव्हतं.
समोरच्या टॉवरमधली माणसं गोठिवलीच्या गल्लीत यायची,
नाकाला रुमाल, हातात पाण्याची रिकामी बाटली,
म्हणायची, पेशी वीस हजारांवर आल्यात, पाव लिटर तरी द्या.
सासूबाई भाव सांगायच्या नाहीत.
लोकच पाचशेची नोट काढायचे,
आणि काजळी उंबराची डहाळी चघळत
आपला काय संबंध, अशी बघायची.

मग डिसेंबर. डास गेले, माणसं गेली.
दुधाला कोण सांगणार?
सड तटतटले की काजळी भिंतीला अंग घासते,
पिळावंच लागतं तिला, दोन्ही वेळा.
चहात घातलं तर नवरा कप खाली ठेवतो,
काही न बोलता.

म्हणून साबण.
रबाळ्याच्या एमआयडीसीत चार वर्षं लॅबमध्ये होते,
मला कॉस्टिकची भीती नाही, धाक आहे.
त्यात दूध तसंच ओतलं तर करपतं,
विटकरी होतं, घरभर वास सुटतो.
आधी गोठवायचं.
बर्फाच्या ट्रेमध्ये, मग पिशव्यांत,
पिशवीवर मार्करने तारीख, वजन, सकाळ की संध्याकाळ.
खाली मांदेली, वर दूध,
मध्ये वर्तमानपत्राची घडी.

सासूबाई दारातून: "दुदानी आंग धवाचा?
मंग पियाचा काय, सोरा?"

पण शुक्रवारी महावितरणने दिवसभर वीज काढली
तेव्हा मी कामावरून येईपर्यंत
त्यांनीच फ्रीजला गोधडी पांघरली होती,
दाराला पाट टेकवला होता,
आणि नातवाला पाण्याची बाटलीसुद्धा काढू दिली नव्हती.

रविवारी गच्चीवर: हातमोजे, चष्मा, स्टीलचं पातेलं.
दुधाचे खडे, वर चमचा चमचा कॉस्टिक,
घाई केली की पिवळं पडतं.
मग खोबरेल. मग घोटणं.
पळीची रेघ वर उमटली
आणि बुडाली नाही,
तेव्हा कळलं, धरलं.
वड्या आता पोटमाळ्यावर, सहा आठवडे.

फ्रीजर पुसताना तळाशी एक पिशवी निघाली.
अक्षर माझंच.
२९ ऑक्टोबर, रात्र. अर्धा लिटर, सोनटक्के, सतरावा मजला.
आठवला. उंच, चपलांचे जोड वेगवेगळे.
पैसे आधीच दिले, बाटली आणायला विसरला,
सकाळी नेतो म्हणाला, मुलीला हवंय.

मी म्हटलं, एवढ्यात आणखी दहा वड्या होतील.
सासूबाईंनी पिशवी माझ्या हातातून घेतली,
मांदेलीच्या वर सपाट ठेवली,
दार लावलं.
"पैसं घेतलान आपून त्याचं."

संध्याकाळी काजळीला पिळताना त्या वर बघतात.
कालपासून मीही मोजते.
सतराव्या मजल्याला या बाजूने सहा खिडक्या.
पाचांत दिवा लागतो.
सहावी बाथरूमची असेल,
किंवा सोनटक्के पलीकडच्या बाजूला राहत असतील,
हायवेकडे.