पिन निघाली तेव्हा

गोकुळपेठेत कूलरच्या दुकानावर आमची खोली.
खाली वाळ्याच्या ताट्या, वर तीन अँप्लिफायर, एक ड्रमसेट
आणि मे महिना.
तारा अर्ध्या तासात उतरायच्या.
विनेश मेश्राम त्या खालच्या कूलरच्या घरघरीवर लावून घ्यायचा.
म्हणायचा, लाइट असेपर्यंत हा काही बेसूर होत नाही.

हिंगण्याची शिफ्ट करून यायचा तो, नखांत ग्रीस.
मेट्रोनोम साठवर, आणि एकच ओळ.
साठ. मग बासष्ट. मग चौसष्ट.
एकशेचाळीसपर्यंत पोचायला दसरा उजाडला.
वाजवताना मान खाली,
तांदूळ निवडत बसल्यासारखी.
लोकांनी त्याचा भांग पाहिला, चेहरा नाही.

शार्दूल डेहनकरकडे
आईच्या लग्नातल्या शालूचं जाकीट होतं
आणि गुडघे.
स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो गुडघ्यांवर घसरत जायचा,
जीन्सला आतून सायकलच्या ट्यूबचे तुकडे शिवून.
सोलोच्या तिसऱ्या ओळीत, वर चढताना,
एक सूर दरवेळी त्याच्या बोटाखालून निसटायचा,
अर्ध्या स्वरानं खाली, अगदी नेमानं.
विनेशचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा.
एकदाच बोलला,
"एवढं घसरतं बे, घरी बसून एकदा वाजवून पाह्य ना."
"अन् तू एकदा वर पाह्य ना बे. लोकं आलेत."
मी बेस वाजवतो.
मला कोणी काही विचारलं नाही.

कोजागिरीला त्रिमूर्तीनगरातल्या एका कॉलनीनं बोलावलं.
आधी अंताक्षरी, मग आम्ही, मग दूध.
पहिली दोन गाणी विनेशची.
असं वाजवलं त्यानं
की माझीच बोटं ऐकायला थांबू पाहत होती.
लोकं पातेल्याकडे बघत होती.
एक काका मंडपाच्या बांबूला टेकून
फोनवर कोणाला तरी प्लॉटचा भाव सांगत होते.

मग शार्दूल.
पाय खुर्चीवर, खुर्चीवरून स्पीकरवर, स्पीकरवरून हवेत.
काकांनी फोन ठेवला.
दुधातला डाव थांबला.
आणि हवेतच पिन निघाली.
फट्ट झालं; लोकांना ते गाण्यातलंच वाटलं.
मी पाहिलं, वायर सुटलेल्या नाडीसारखी लोंबत होती.

एका ठोक्याची जागा होती.
त्या ठोक्यात विनेशनं मान वर केली,
शार्दूलच्या बोटांकडे पाहिलं,
आणि ती बोटं जे वाजवत होती
ते याच्या अँपमधून यायला लागलं.
शार्दूल गुडघ्यांवर, डोळे मिटून, चंद्राकडे तोंड,
मुकी गिटार छातीशी.

तिसरी ओळ आली.
वर चढताना मी श्वास धरला,
कारण विनेश तिथे कधी चुकत नाही.

त्यानं तो सूर चुकवला.
बरोबर तेवढाच,
किंचित उशिरा,
सावरताना व्हायची ती बारीक खरखरसुद्धा.
एकशेचाळीसची ती ओळ याच्यापुढे काहीच नव्हती.

शिट्ट्या. काका म्हणाले, वन्स मोर.
शार्दूल पाठीवर पडून टाळ्या घेत होता तेव्हा
मी वाकून पिन लावून टाकली.

उरलेलं दूध त्यांनी आम्हाला कॅनमध्ये दिलं.
ऑटोची वाट बघत अँप्लिफायरवर बसलो.
शार्दूलच्या जाकिटाची जर निघाली होती, गुडघा सोलला होता.
"तिसऱ्या ओळीत," तो हळूच म्हणाला,
"पुन्हा घसरलो ना बे मी?"
विनेशनं बोटानं साय बाजूला केली.
"थोडासा. कोणाले समजलं नाही."

मी वायर गुंडाळत होतो, अंगठा ते कोपर, अंगठा ते कोपर.
शार्दूल ऑटो थांबवायला रस्त्यावर धावला.
आपल्याकडे कोणी बघत नाही असं वाटून
विनेशनं एक पाय स्पीकरवर ठेवला,

आणि लगेच काढून घेतला.