बोळातली कुंडी

आमच्या आणि गुरवांच्या भिंतीमध्ये
सव्वातीन फुटांचा बोळ आहे.
ऊन तिथं फक्त मे महिन्यात येतं,
बारा वाजून दहा मिनिटांनी,
आणि मोटरसायकल स्टँडला लावेपर्यंत निघूनही जातं.

गुलाब लावला, गेला.
कुरुंदवाडाहून शेवंती आणली,
पंधरा दिवस वर बघत राहिली, तीही गेली.
शालन म्हणाली,
"उन्हाचं खानारं हितं कशाला आणतासा?
ज्याला ऊन नगंच, असलं बघा की कायतरी."

ते हमीद मुजावरनं आणलं.
गगनबावड्याच्या घाटात जेसीबीवर होता.
रस्त्यासाठी कड उकरताना बकेटात कांदे आले,
जांभळाच्या सावलीतले,
बोराएवढे, चपटे, मुळांच्या मिशा फुटलेले.
डंपरमध्ये जायचे, ते भाकरीच्या फडक्यात आले.
दोन त्यानं कागलला नेले, एक मला.
"सापकांदा हाय. खाऊ नको, घसा धरंल."

बावीस वर्षं उद्यमनगरात मी साच्याची वाळू चाळली.
मूठ दाबून उघडायची,
बोटांचे ठसे उमटले पाहिजेत,
आणि ढेकूळ मोडलं तर दोनच तुकडे.
कांद्याला ही मूठ चालणार नव्हती.
त्याला हवी रानातली माती,
पाण्याला वाट देणारी.
टाउन हॉलच्या बागेत पोतं घेऊन गेलो.
झाडांखाली पानं कुजून चहापत्तीसारखी झालेली.
वॉचमन म्हणाला, "कचरा कुठं न्यालाईस?"
"घरी."
तो बराच वेळ बघत राहिला.

पहिल्या वर्षी पान आलं. एकच.
छत्रीच्या काड्यांसारखी बोटं पसरून
गणपतीनंतरही थोडं टिकलं, मग पिवळं पडलं.
पुढं आठ महिने नुसती माती.

त्याच दिवाळीत फाउंड्री बंद झाली.
साडेसातला जाग यायचीच.
पाट टाकून मी बोळात बसायचो,
कुंडीकडं तोंड करून.
निजलेल्या कांद्याला पाणी द्यायचं नसतं, कुजतो.
काहीच न करायचं काम
मी आयुष्यात पहिल्यांदा मन लावून केलं.

दुसऱ्या वर्षी फूल.
हेरवाडे सर, कॉलेजात वनस्पती शिकवतात,
चष्मा वर करून वाकले.
"नर आहे. कांदा लहान असला की नर.
अंगात साठलं की मादी होईल.
उपाशी पडली, की पुन्हा नर."
शालन दारातून ऐकत होती.
"म्हंजे पोटभर मिळालं तरच बाई व्हतंय ते.
शाणं हाय,"
आणि पिको-फॉलच्या साड्या उचलून आत गेली.

यंदा मार्चात बघतो तर कुंडीत कोथिंबीर.
"रिकामी दिसली. माती चांगली हुती."
धणे रगडून पेरलेले, रोज तांब्याभर पाणी.
मी बोललो नाही.
घर तिच्या मशीनवर चाललेलं,
आणि आमटीत कोथिंबीर बरी लागत होती.
कांदा मनातून काढून टाकला.

मृग सरता सरता, सकाळी, बोळातून हाक.
"अहो, साप!"
काठी घेऊन धावलो.
फुलावर आलेल्या कोथिंबिरीत
पांढरा फणा, आतून जांभळट,
आमच्याकडं न बघता उभा.
काठी भिंतीला लावली.
गुडघे टेकले, मोबाईलचा उजेड आत धरला.
हिरव्या दाण्यांचं इवलं कणीस.
"मादी हाय गं."

शालन काही बोलली नाही.
फण्याला धक्का न लागता
एकेक काडी खुडत बसली.
मग म्हणाली, "एकटीच?"

हमीदला फोन लावला.
"तुझ्या डब्यातला उगवलाय का?
आत वाकून बघ, दाणे न्हाईत न्हवं?"
पलीकडं नुसती घरघर, दगडांचा आवाज.
"काय म्हणतोस? थांब जरा," तो ओरडला,
"मशीन बंद करतो."